सुमतीवहिनींचा अहवाल

फोन अनोळखी नंबरवरून आला. पनवेलच्या बाजारात मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. पलीकडचा आवाज तरुण होता, जरा अवघडलेला. ‘तुम्ही वकिलातवाल्या बाई का?’ मला नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे क्षणभर काही कळेना. मग तोच म्हणाला, ‘मी मिलिंद बोलतोय. सुमतीकाकूंचा पुतण्या. काकू गेल्या.’ कधी, असं मी विचारलं असावं, कारण तो सांगत राहिला... नऊ दिवस झाले, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, त्रास असा काही झाला नाही. ‘त्यांच्या डायरीत जे नंबर होते ते एकेक करून लावत होतो. तुमचं नाव नव्हतं त्यात. नुसतं “वकिलात” लिहिलं होतं, म्हणून सगळ्यात शेवटी लावला. रागावू नका.’ रागवायचं काय त्यात? नऊ दिवस माझं सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दूध तापवलं होतं, पेपर वाचला होता, एकदा तर त्यांनाच फोन करायचं मनात आलं होतं आणि उद्या करू म्हणून राहिलं होतं. भाजीवाली ‘ताई, घेताय ना?’ म्हणाली. मी जुडी परत ठेवली आणि घरी आले. घरी येऊन हे कोणाला सांगावं, तर सांगण्यासारखं कोणी नव्हतं. माझ्या माणसांना वहिनी माहीत नव्हत्या आणि त्यांच्या माणसांना मी.

मी मुंबईत एका लहानशा, थंड देशाच्या वकिलातीत नोकरी केली. त्या देशाचं नाव इथे लिहिण्याची गरज नाही. व्हिसा, व्यापार ही मोठी कामं वरच्या मजल्यावर चालत. खाली कोपऱ्यातल्या एका टेबलावर आणखी एक काम होतं, ते माझं. दरवर्षी तो देश आपल्याकडच्या गावांतल्या बारीकसारीक कामांना मदत देत असे. कुठे बालवाडीचं छप्पर, कुठे बायकांच्या गटाला शिवणयंत्रं, कुठे विहिरीचा कठडा. रक्कम लहान असायची, पण ज्या गावाला मिळे त्याच्या दृष्टीनं ती लहान नसे. मराठी अर्ज इंग्रजीत करायचे, गावी जाऊन काम बघून यायचं आणि वर्षाअखेरीला येणारे अहवाल इंग्रजीत करून साहेबांसमोर ठेवायचे. अहवाल बहुतेक एकाच छापाचे असत. गावात आनंदाचं वातावरण आहे, महिला स्वावलंबी झाल्या आहेत, आपल्या देशाचे आम्ही ऋणी आहोत. फोटोत बायका एका रांगेत उभ्या. मीही ते न अडखळता इंग्रजीत उतरवत असे.

सुमतीवहिनींचा अर्ज आला तो बारातेरा वर्षांपूर्वी. मुरुडच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी त्यांचं गाव. वर डोंगराच्या पायथ्याशी नारळी-पोफळीच्या वाड्या असलेली आळी आणि खाली पाण्याला लागून कोळीवाडा. कोळीवाड्यातल्या विहिरी खाऱ्या. मार्च लागला की तिथल्या बायका वरच्या आळीतून, डोंगरातल्या झऱ्यापर्यंत चढून जात आणि हंडे घेऊन उतरत. झऱ्याशी टाकी बांधायची आणि उतारावरून नळी टाकून पाणी कोळीवाड्यात न्यायचं, एवढंच काम होतं. मोटर नको, वीज नको. सोबत पेन्सिलनं काढलेला नकाशा होता, चढउताराच्या रेघांसकट, इतका नेटका की मी तो कितीतरी वेळ बघत बसले. नंतर कळलं की वहिनी तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवत असत. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, निवृत्त झाल्यावर सासरच्या वाडीत आपल्या वाट्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या होत्या. गावातलं महिला मंडळ त्याच चालवत.

अर्जात ‘लाभार्थी किती’ असा रकाना होता. वहिनींनी तिथे ‘सोबत पाहा’ असं लिहून पाठपोट तीन पानं नावं जोडली होती. प्रत्येकीच्या नावापुढे ती दिवसाला किती हंडे आणते ते. मी फोन करून म्हटलं, ‘आम्हाला फक्त आकडा हवा असतो हो.’ त्या पलीकडून शांतपणे म्हणाल्या, ‘आकडा घाला की तुम्ही. पण नावं राहू देत. हिरानं मला विचारलंय, माझं नाव गेलं का तिकडे म्हणून. मी हो सांगून बसलेय.’ ती यादी मी जशीच्या तशी इंग्रजीत केली. ‘हिरा नाखवा, सात हंडे.’ साहेब तरुण होते, नुकतेच आलेले. ती पानं त्यांनी मान न हलवता वाचली आणि कामाला मंजुरी दिली. बाहेरच्या देशाची मदत घ्यायला सरकारची परवानगी लागते, तिच्यासाठी वहिनींनी अलिबागला किती खेपा घातल्या याची गणती मी केली नाही. दर खेपेला एसटीतून उतरल्या की स्टँडवरून फोन करत आणि तेवढंच सांगत, ‘आज एक सही झाली.’

काम चालू असताना मी दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी वहिनींनी मला झऱ्यापर्यंत नेलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात रबरी चपला, वय साठीच्या पुढे आणि मी त्यांच्यामागे धापा टाकत. वाटेत त्यांचे धाकटे दीर बापूभाऊजी आपल्या वाडीच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकाशी, उभे होते. नळी त्यांच्या वाडीतून जाणार होती आणि त्यांनी ती आनंदानं जाऊ दिली होती. ‘वहिनीनं मनात आणलं की गावात कोणी नाही म्हणत नाही,’ ते हसत मला म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याच ओटीवर आम्ही जेवलो. सगळं घर वहिनींच्या भोवती होतं. जावा वाढत होत्या, पुतणे ‘काकू, काकू’ करत होते. मी एकटी राहणारी बाई. मला त्या भरल्या घराचा हेवा वाटला, हे आज कबूल करते.

उद्घाटनाला साहेब आले. नारळ फुटला, कोळीवाड्यातल्या चार नळांना पाणी आलं, बायकांनी साहेबांना टोपलीभर कोलीम, म्हणजे सुकवलेला बारीक जवळा, भेट दिला आणि मुंबईपर्यंत गाडीत तो वास घेऊन ते गप्प बसून राहिले. मदतीचा दुसरा टप्पा अजून बाकी होता. त्यातून शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह व्हायचं होतं. पहिल्या वर्षाचा अहवाल आला की तो सुटणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. गावात खड्डाही खणून झाला होता.

अहवाल आला जूनमध्ये. दोनच पानं, वहिनींच्या हस्ताक्षरात. पहिल्या पानावर टाकी, नळी, झऱ्याची धार यांची नीट माहिती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘मार्चपासून कोळीवाड्याच्या नळांना पाणी येत नाही. झरा आटलेला नाही. वरच्या आळीतल्या वाड्यांनी मधेच नळी फोडून शिंपण्यासाठी पाणी घेतलं आहे. त्यात आमच्या घराचीही वाडी आहे. ज्यांची नावं अर्जात दिली होती त्या बायका पुन्हा डोंगरावर जात आहेत.’ ...मी ते तीनचार वेळा वाचलं. एवढ्या वर्षांत असा अहवाल माझ्या टेबलावर आला नव्हता. मला ठाऊक होतं की हे साहेबांपुढे गेलं तर दुसरा टप्पा थांबणार. आणि त्या घरात काय होणार तेही दिसत होतं. मी विचार केला, वहिनी भाबड्या आहेत, त्यांना या कागदांची रीत माहीत नाही. मी भाषांतर केलं आणि त्या परिच्छेदाच्या जागी एक वाक्य घातलं. ‘उन्हाळ्यात वितरणात काही तांत्रिक अडचणी आल्या असून त्या स्थानिक पातळीवर सोडवल्या जात आहेत.’ खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. नियमाप्रमाणे एक प्रत त्यांना पाठवली, आणि साहेब सुटीवर होते म्हणून फाइल माझ्याकडेच राहिली.

आठ दिवसांनी वहिनी वकिलातीच्या दारात उभ्या. पावसानं साडीची कड भिजलेली, हातात पिशवी. पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या. सुरक्षारक्षकानं मला खाली बोलावून घेतलं. वर नेणं शक्य नव्हतं म्हणून आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. चहा आला. मग त्यांनी पिशवीतून माझी इंग्रजी प्रत काढली. त्या एका वाक्याखाली पेन्सिलनं बारीक रेघ होती, मुलांच्या वहीत ओढतात तशी.

‘नीलाताई, हे मी लिहिलेलं नाही.’

मी समजावू लागले. स्वच्छतागृह अडेल म्हटलं, मुलींचं नुकसान होईल म्हटलं, तुम्हाला त्याच घरात राहायचंय म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘ते मला कळतं,’ त्या म्हणाल्या. ‘मार्चपासून मी भाऊजींना सांगतेय, नळी बंद करा. ते म्हणतात, पोफळी वाळल्या तर तू भरून देणार का? आळीतल्या एकेकाला सांगून झालं. आता तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला? ह्या कागदावर माझी सही आहे. हिरा मला उद्या विचारेल, वैनी, आमचं पानी न्हाय ते तिकडं कळवलंत का? मी काय सांगू... तांत्रिक अडचण?’

त्या हसल्याही, ते म्हणताना. मी म्हटलं, ‘मी तुमच्यासाठीच केलं होतं वहिनी.’ ‘ठाऊक आहे हो,’ त्या म्हणाल्या आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. मग त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. तोच परिच्छेद त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून आणला होता. शाळेतलं, जपून वापरलेलं इंग्रजी, दोनतीन चुका असलेलं. ‘तुम्हाला जड जाणार असेल तर हाच लावा. चुका राहू द्या.’

मी तोच लावला. साहेबांनी तो वाचला आणि ते म्हणाले की इतकं खरं त्यांना या देशात आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं. मग नियमाप्रमाणे दुसरा टप्पा थांबवला. मंडळाला पाठवायचं पत्र मीच टाइप केलं. खरं सांगणाऱ्या बाईला नकार कळवायचा होता आणि त्यात ‘आम्हाला खेद वाटतो’ यापलीकडे एकही शब्द मला घालता आला नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण वहिनी तक्रार करत नसत. मंडळानं त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. ‘परदेशात गावाची अब्रू घालवली’ असं सभेत कोणी म्हणालं आणि कोळीवाड्यातल्याही काही बायका त्या वेळी गप्प बसल्या. त्यांच्या मुलीही त्याच शाळेत होत्या. खणलेला खड्डा बुजवला गेला. बापूभाऊजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वाडीच्या वाटण्या झाल्या आणि मधे चिऱ्यांचा गडगा उभा राहिला, पुरुषभर उंच. वहिनींनी आपल्या वाट्याच्या वाडीला गेलेली फाट्याची नळी वाटणी होताच कापून टाकली. विहिरीचं पाणी कळशीनं घालून जेवढ्या पोफळी जगल्या तेवढ्या जगल्या, बाकीच्या दोन उन्हाळ्यांत गेल्या. मी एकदा फोनवर विचारलं, ‘आता दिवसभर काय करता?’ तर म्हणाल्या, ‘वाडीत कावळे येतात, त्यांचं भांडण ऐकते.’ आणि मग, ‘घरात बोलण्याचे आवाज येतात हो पलीकडून. भांडी, रेडिओ, मुलं. मधे फक्त भिंत आहे. पहिल्यांदा वाटायचं हाक मारतील. आता नाही वाटत.’

पुढे कोकणात मोठं चक्रीवादळ आलं तेव्हा आठ दिवस त्यांचा फोन लागला नाही. लागला तेव्हा आवाज खोल गेलेला. घराची कौलं उडाली होती. वाडी, म्हणजे उरलेली त्यांची आणि पलीकडची भाऊजींची, सगळी आडवी झाली होती. गडगाही माड पडून मधेच फुटला होता. ‘आता दोन्हीकडचं सारखंच दिसतं,’ त्या म्हणाल्या. भाऊजी त्या फुटलेल्या जागेशी येऊन उभे राहिले होते म्हणे, बराच वेळ. त्यांच्या हातानं लावलेल्या पोफळी होत्या त्या. वहिनी आत गेल्या, चहा करून आणला, गडग्याच्या दगडावर कप ठेवला आणि मागे सरल्या. भाऊजींनी चहा घेतला. बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले, तोवर बोलले नाहीत. ‘पण कप धुऊन पाठवला होता,’ असं वहिनी मला सांगत. एकदा नाही, पुष्कळदा सांगत.

मग सरकारी नळयोजना आली. धरणाचं पाणी, मोठ्या नळ्या, कोळीवाड्यात घरोघर नळ आणि वरच्या आळीतही. ज्या पाण्यावरून एवढं झालं त्याची कोणाला गरजच राहिली नाही. झऱ्यावरची टाकी शेवाळ धरून पडली. गाव ते सगळं विसरलं. वहिनींना दिलेली शिक्षाही विसरलं, म्हणजे ती मागे घ्यायचीही कोणाला आठवण राहिली नाही.

आमची शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. मी अलिबागला एका लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून दोन तासांसाठी त्यांच्याकडे गेले. ओटीवर बसलो. मी धीर करून विचारलं, ‘वहिनी, ते वाक्य मी घातलं तसंच राहू दिलं असतं तर... वाईट वाटतं का कधी?’ त्या सुपारी कातरत होत्या. ‘एकटं वाटतं,’ म्हणाल्या. ‘संध्याकाळी फार वाटतं. पण त्या वाक्याचं नाही वाटत.’ निघताना म्हणाल्या, ‘राहायला या एकदा आठ दिवस. तुम्हीही एकट्याच. दोघी मिळून एकट्या राहू.’ मी हो म्हटलं. घड्याळ बघत म्हटलं, कारण एसटीची वेळ झाली होती.

गेले ते त्या गेल्यानंतर पाच आठवड्यांनी. आता तिथे होमस्टे आहे. मिलिंदनं, म्हणजे बापूभाऊजींच्या मुलानं, नारळाची नवी रोपं लावली आहेत, गडगा काढून टाकला आहे, पर्यटक दिवेआगरकडे जाता-येता उतरतात. मला बघून तो गडबडला. मुलगा चांगला आहे. त्या भांडणाच्या वेळी तो कॉलेजात होता. ‘तुम्हाला काकूंचीच खोली देतो,’ म्हणाला आणि मग दार उघडताना ओशाळून, ‘थोडी बदललीय. एसी बसवलाय.’ भिंती नव्या रंगाच्या होत्या. पलंग नवा, त्यावर हॉटेलसारखी घडी घातलेले दोन टॉवेल. दारावर पितळेचा तीनचा आकडा. वहिनींचं असं तिथे काही शिल्लक नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर बसले. आठ दिवस राहायला या म्हणाल्या होत्या...

सकाळी साडेसहाच्या सुमारास मागच्या दाराशी हाक आली. ‘वैनी...’ आणि हाक तिथेच तुटली. मी दार उघडलं. पायरीखाली एक म्हातारी कोळीण उभी होती, डोक्यावर मासळीची पाटी, तोंडावर हात धरलेला. मला बघून ती मागे सरली. ‘नाखवीन हाय मी, खालच्या वाड्यातली. हिरा. चुकून हाक मारली बाय. रोजच्याला चुकतंय. पावनी लोकं दार उघडतात नि बघतात, ही कोन येडी.’ मी तिला ओळखत नव्हते, पण तिचं नाव मी एकदा इंग्रजीत लिहिलं होतं. तसं मी तिला सांगितलं. तिनं पाटी उतरवली आणि ती पायरीवर टेकली.

बाजारात जाताना ती रोज इथे थांबत असे, वहिनींच्या विहिरीचं पाणी प्यायला. कोळीवाड्याच्या नळांचं पाणी तुटलं त्या वर्षापासून वहिनी तिच्यासाठी तांब्या भरून ठेवत. ‘सभेला मीबी गप बसले व्हते,’ हिरा म्हणाली. ‘पोर शालेत व्हती माजी. दुसऱ्या दिशी लाज वाटली, खाली मान घालून चालले व्हते, तर वैनीनीच हाक मारली. म्हनाल्या, हिरा, पानी पी नि जा.’ ती पदरानं तोंड पुसू लागली. ‘आता घरात नल हाय. पानी बी ग्वाड हाय. पन पाय हिकडंच वलतात, काय करू?’

मी आत गेले. खोलीत प्लास्टिकच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. स्वयंपाकघरातून मिलिंदच्या बायकोकडून तांब्या मागून घेतला, विहिरीवर गेले, पोहरा सोडला. मला सवय नाही, निम्मं पाणी सांडलं. हिरा तांब्या उंच धरून, तोंड न लावता, घटाघट पाणी प्यायली. मग तिनं तांब्या पालथा करून पायरीवर ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि ‘येते वैनी’ म्हणून उतरणीला लागली. कोणाला म्हणाली ते बघायला ती वळली नाही.